निवृत्त आई-वडील केनियात मिशन सेवेसाठी जाणार आहेत; तेथे त्यांचा दिवस कसा जाईल?

प्रश्न : शाहूपुरीची लेक

सर्वांना सलाम. माझे वडील एका सहकारी साखर कारखान्यातून लेखापाल म्हणून निवृत्त झाले आणि आई शासकीय रुग्णालयातून परिसेविका (वॉर्ड सिस्टर) म्हणून. वडिलांचे वय ६४ आहे, आईचे ६१. दोघेही आमच्या कोल्हापूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षे कामे करत आले आहेत. वडील मंडळीचा हिशेब ठेवतात आणि आई संडे स्कूल सांभाळते. गेल्या वर्षी आमच्या पाळकांच्या ओळखीतून त्यांना केनियातील एका मिशन रुग्णालयाचे बोलावणे आले. माउंट केन्याच्या पूर्व उतारावरील चहा-कॉफीच्या मुलखात, एका लहान गावी हे रुग्णालय आहे. मुदत दीड वर्षाची असून राहायला घर रुग्णालय देईल, मात्र प्रवास, जेवणखाण आणि विमा यांचा खर्च आई-वडिलांनी स्वतः करायचा आहे.

घरात दोन मते आहेत. थोरल्या भावाला हे वय असे साहस करण्याचे वाटत नाही. त्याच्या मते सेवा करायचीच असेल तर ती गडहिंग्लज किंवा आजरा भागातही करता येते. वडील मात्र ठाम आहेत. आई काही बोलत नाही, आणि मला तिच्या न बोलण्याचीच अधिक काळजी वाटते.

जावे की जाऊ नये याविषयी मी येथे विचारत नाही, धर्मांतरावरचा वादही या धाग्यात नको. मला समजून घ्यायचे आहे ते इतकेच की परदेशात सेवेला गेलेल्या वयस्कर जोडप्याचा रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो. सकाळी उठल्यावर काय होते, बाजारहाट कोण करते, स्वयंपाकाला काय मिळते, संध्याकाळी माणसे काय करतात, आजारी पडल्यास कोणाकडे जायचे? रुग्णालयाच्या पत्रात ‘सेवेची मोठी संधी’ असे पुष्कळ लिहिले आहे, परंतु दुपारी दोन वाजता आई नेमकी काय करत असेल याचा त्यात काहीच उल्लेख नाही.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापिका, नागाळा पार्क

तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आम्ही निघताना आम्हाला सर्वांनी आशीर्वाद दिले, प्रार्थना केल्या, पण दुपारी दोन वाजता काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. मी आणि माझे यजमान काही वर्षांपूर्वी केनियाच्याच डोंगराळ भागात एका मिशन शाळेत आणि तिला लागून असलेल्या दवाखान्यात सेवेला होतो. यजमान वीजमंडळातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांच्याकडे जनरेटर, पाण्याचे पंप आणि वायरिंग आले. माझ्याकडे शाळेचे ग्रंथालय आणि सातवी-आठवीच्या मुलांचे इंग्रजी वाचन.

प्रथम सूर्याबद्दल सांगते, कारण सगळा दिनक्रम त्याच्यावर बांधलेला असतो. तो भाग विषुववृत्ताला अगदी लागून असल्याने वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ सारखीच असते. सकाळी साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पावणेसातपर्यंत अंधार पडतो, मग तो जून असो की डिसेंबर. आपल्याकडे उन्हाळ्यात रंकाळ्यावर रात्री नऊपर्यंत माणसे हिंडतात, तसे तेथे नाही. दिवस मावळल्यावर वयस्कर माणसे बाहेर पडत नाहीत, रस्त्यावर दिवे नसतात आणि पाहुण्यांनी अंधारात हिंडू नये असा यजमान संस्थेचाच दंडक असतो. म्हणजे संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंतचा वेळ नवरा-बायको दोघांनी एका घरात, बहुधा एका खोलीत घालवायचा. चाळीस वर्षे संसार केला तरी इतका सलग सहवास आम्हाला कधी मिळाला नव्हता, आणि पहिल्या काही महिन्यांत तो दोघांनाही जड गेला. यजमानांनी अखेर तेथल्या रखवालदाराकडून स्वाहिली शिकायला घेतली आणि मी विणकाम.

सकाळ मात्र भरगच्च असते. पहाटे उठून पाणी उकळून ठेवायचे, टाकीत पाणी किती आहे ते पाहायचे, विजेच्या मीटरवर किती युनिट शिल्लक आहेत ते पाहायचे. तेथे घरगुती वीज बहुतेक ठिकाणी आगाऊ पैसे भरून घ्यावी लागते. मोबाइलवरून पैसे पाठवले की वीस आकडी क्रमांक येतो आणि तो मीटरवर दाबावा लागतो. चष्मा शोधून, टॉर्चच्या उजेडात वीस आकडे न चुकता दाबणे हे साठी ओलांडलेल्या माणसाचे एक स्वतंत्र कामच आहे. पैशाचे जवळजवळ सर्व व्यवहार एम-पेसावर चालतात. ही सेवा तेथे २००७ पासून आहे, त्यामुळे भाजीवालीपासून दुचाकीवाल्यापर्यंत सर्व जण मोबाइलवर पैसे घेतात. आपल्याकडे यूपीआय वापरणाऱ्या तुमच्या आई-वडिलांना ते एका आठवड्यात जमेल.

आठच्या सुमारास कर्मचाऱ्यांची सामुदायिक प्रार्थना असते, त्यानंतर कामे सुरू होतात आणि दहा वाजता सर्व जण हातातले काम ठेवून चहाला जमतात. तो चहा दूध घालून उकळलेला, आपल्यासारखाच असतो. तो घेण्यास नाही म्हणू नये, कारण कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या मुलाची फी राहिली आहे, डॉक्टर आणि प्रशासक यांच्यात काय बिनसले आहे, हे सगळे तेथेच कळते. आम्हा दोघांचा तेथील खरा उपयोग, मला विचाराल तर, या चहाच्या वेळीच अधिक झाला. तरुण परिचारिका आणि शिक्षक आपापल्या घरच्या गोष्टी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसत, कारण मी त्यांची वरिष्ठ नव्हते, नातेवाईकही नव्हते आणि मला कोठे जायची घाईही नव्हती.

जेवणाबद्दल काळजी करू नका. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि सुकुमा नावाची परतलेली हिरवी पालेभाजी हे तेथले रोजचे अन्न. चपाती केनियात घरोघरी होते, थोडी जाड आणि तेलकट असते. मूग मिळतात, राजम्यासारख्या शेंगांचे दाणे आणि मका एकत्र शिजवलेली गिथेरी मिळते, आणि नाचणी व ज्वारी दोन्ही आठवडी बाजारात मिळतात. नाचणीची पातळ लापशी तेथील लोक सकाळी पितात. आपल्या आंबिलीची सवय असलेल्यांना ती लगेच आवडते. भाकरीसाठी मात्र पीठ ताजे दळून मिळेलच असे नाही. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी असल्यामुळे डाळी, मसाले, पोहे, सगळे मिळते, परंतु डोंगरातून नैरोबीला जाणे म्हणजे पूर्ण दिवसाचा प्रवास, म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कोणी जाणार असेल त्याच्याकडे यादी द्यावी. कांदा-लसूण चटणी येथून बंद पाकिटात भरपूर न्यावी. प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगा सामानातही नेऊ नयेत. २०१७ पासून केनियात त्यांवर कडक बंदी आहे, कापडी पिशव्या बऱ्या.

रविवारची उपासना लांब असते, दोन-तीन तास सहज. नव्या पाहुण्याला उभे राहून मंडळीला अभिवादन करायला सांगतात, तेव्हा ‘ब्वाना असिफिवे’ एवढे म्हटले तरी सारी मंडळी आनंदाने ‘आमेन’ म्हणते. त्यानंतर कोणाच्या उपचारासाठी, कोणाच्या शिक्षणासाठी वर्गणी गोळा होते आणि परदेशी पाहुण्याकडे सर्वांचे डोळे वळतात. येथे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी : एकट्या-दुकट्याच्या हातात पैसे देऊ नयेत, जी मदत करायची ती रुग्णालयाच्या चॅप्लिनमार्फत, म्हणजे तेथील पाळकांमार्फत, किंवा मदत निधीतून करावी. तुमचे वडील हिशेबाचे माणूस आहेत, त्यांना हे सांगायची गरज नसेल. आईला असेल, कारण वॉर्डात ज्याला त्याला खिशातून औषध आणून देणाऱ्या सिस्टर मी खूप पाहिल्या आहेत.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अशा बोलावण्यात बहुधा दोघांपैकी एकाचेच काम ठरलेले असते आणि दुसऱ्याचे ‘आल्यावर बघू’ असते. आम्ही ज्या जोडप्यांना तेथे भेटलो, त्यांतील जे मुदतीआधी परतले ते आजारपणामुळे किंवा जेवणामुळे परतले नाहीत. एक माणूस सकाळी आठला कामावर जात होता आणि दुसरे माणूस परक्या देशातील घराच्या चार भिंतींत त्याची वाट पाहत होते, यामुळे परतले. आईचे न बोलणे कदाचित याच जागेतून येत असेल. पत्रात तिच्या कामाविषयी काय लिहिले आहे, ते नीट वाचून येथे सांगा.

उत्तर २ : कसबा बावड्याचा, सध्या बंगळूर

माझा अनुभव उलट बाजूचा आहे. मी बंगळुरात ज्या इमारतीत राहतो तेथे एक अमेरिकन जोडपे दीड वर्ष आमच्या शेजारी होते. दोघे साठीच्या पुढचे, छातीवर काळी नावपट्टी लावणारे. ते चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्यांचे. हा पंथ तुमच्या मंडळीपेक्षा फार वेगळा आहे, पण वयस्कर जोडप्यांना परदेशी सेवेवर पाठवण्याची रीतसर व्यवस्था त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचे पाहून काही शिकता येईल असे वाटते.

त्यांच्यात तरुण मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष सेवेवर जातात, त्यांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत मिनिटामिनिटाने आखलेला असतो. ज्येष्ठ जोडप्यांना ती सक्ती नाही. त्यांना सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची मुदत मिळते, खर्च ते स्वतः करतात आणि कामाचे तास प्रकृतीप्रमाणे ठरतात. घरोघरी जाऊन प्रचार करणे हे त्यांचे मुख्य काम नसतेच. आमच्या शेजारचे काका कार्यालयात बसून तरुण मिशनऱ्यांच्या भाड्याच्या घरांचे करार, गॅस आणि वीजबिले पाहत. काकूंकडे त्याच मुलांच्या प्रकृतीची चौकशी, कोणाला ताप आला तर डॉक्टरकडे नेणे आणि त्यांच्या खोल्या स्वच्छ आहेत की नाहीत हे जाऊन पाहणे, अशी कामे होती. मोरीत शेवाळ दिसले तर त्या मुलांची काही खैर नसे. सोमवार त्यांचा तयारीचा दिवस असे. कपडे, बाजार, पत्रव्यवहार, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे त्याच दिवशी.

मुख्याध्यापिका बाईंनी जे म्हटले ते येथे नेमके दिसले. त्या जोडप्यातील दोघांनाही निघण्यापूर्वीच आपापले काम माहीत होते. काकूंना मी एकदा विचारले की इतक्या लांब येऊन मोऱ्या तपासायला कंटाळा येत नाही का, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की घरी असते तर स्वतःचीच तपासली असती. त्यांना आमच्या गल्लीतील रहदारीचा मात्र शेवटपर्यंत धसका होता आणि रस्ता ओलांडताना त्या माझ्या आईचा हात धरत.

कागदपत्रांबद्दल एक सुचवतो. भारतात दीर्घ मुदतीच्या मिशनरी व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला चौदा दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते, आणि शेजारच्यांचे पहिले दोन आठवडे त्यातच गेले. केनियातही अशी काही नोंदणी असणारच, ती कोण करून देणार हे आधी विचारून ठेवा.

शाहूपुरीची लेक

दोघांचेही मनापासून आभार. पत्र पुन्हा वाचले. वडिलांच्या बाबतीत भांडार आणि खरेदी विभागाचा हिशेब संगणकावर आणणे, दोन कारकुनांना तयार करणे, वार्षिक लेखापरीक्षणाची पूर्वतयारी, असे पाऊण पान आहे. आईच्या बाबतीत एकच वाक्य आहे : ‘आपल्या पत्नी परिचारिका असल्यामुळे त्यांचाही लाभ रुग्णालयास होईल.’ आईला ते वाक्य वाचून दाखवले. ती म्हणाली, लाभ होईल म्हणजे वॉर्डात उभे करणार की पाहुण्यांचा चहा करायला लावणार, ते लिहा म्हणावे. इतक्या दिवसांत ती या विषयावर पहिल्यांदाच काही बोलली.

वडिलांचे म्हणणे असे की गेल्यावर कामे आपोआप सापडतात, आधीपासून अटी घालणे सेवेच्या वृत्तीला शोभत नाही. यावर तुमचे मत हवे आहे.

उत्तर ३ : मंडळीतील एक वडील (एल्डर), गडहिंग्लज

आमच्या मंडळीच्या समितीवर असताना अशी पत्रे मी पाहिली आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. वडिलांची भावना आदराची आहे, परंतु परिचारिकेच्या बाबतीत ‘आपोआप सापडेल’ हे चालणार नाही, कारण तेथे प्रश्न कायद्याचा येतो. केनियात परिचारिका म्हणून रुग्णाला हात लावायचा असेल तर तेथील नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी लागते. त्यासाठी येथील महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असल्याचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि अनुभवाची पत्रे लागतील, आणि हे सर्व गोळा करायला महिने जातात. हे न करता आई वॉर्डात उभी राहिली आणि काही बरेवाईट झाले, तर दोष तिच्यावर येईल. म्हणून रुग्णालयाला दोनच पर्याय द्यावेत. एक तर त्यांनी तिच्या नोंदणीची प्रक्रिया सुरू करावी, नाहीतर रुग्णाशी थेट संबंध नसलेले काम लेखी ठरवावे. परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला वॉर्डाची शिस्त, साठ्याच्या नोंदी, निर्जंतुकीकरणाची पद्धत, पाळ्यांचे तक्ते यांतले जे कळते, ते शिकवण्यासारखे आहे आणि लहान रुग्णालयांना त्याचीच वानवा असते.

परवान्याचेही तसेच. ज्येष्ठ जोडपी पर्यटक म्हणून जाऊन राहतात असे क्वचित घडते, ते मुळीच करू नये. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी वेगळ्या वर्गाचा परवाना आहे. यजमान संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि अर्ज तिनेच करायचा असतो. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला परदेशी नागरिकाचे ओळखपत्रही काढावे लागते. परवाना हातात आल्याशिवाय तिकिटे काढू नयेत, हे वडिलांना माझ्या नावाने सांगा. येथील पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने तरी शिल्लक असावी.

मुख्याध्यापिका बाईंशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. दोघांचे काम ठरलेले असावे हे मान्य, पण ते दोघांचेही पूर्ण वेळाचे असू नये. चौसष्टीच्या माणसाने सकाळी आठ ते दुपारी एक काम करावे आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा ठेवावा, असे पत्रातच लिहून घ्यावे. अन्यथा लहान संस्थांना फुकट मिळालेला अनुभवी लेखापाल हे मोठे घबाड वाटते आणि रात्री दहापर्यंत वह्या घरी येऊ लागतात. सेवेची वृत्ती असलेला माणूस नाही म्हणत नाही, आणि सहा महिन्यांनी रक्तदाब नाही म्हणतो.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापिका, नागाळा पार्क

गडहिंग्लजच्या वडीलसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करते, फक्त दुपार ‘मोकळी’ या शब्दाला माझी हरकत आहे. तेथे दुपारी मोकळ्या बसलेल्या माणसाकडे लोक येतात. कोणी अर्ज लिहून घ्यायला, कोणी मुलाचा अभ्यास दाखवायला, कोणी नुसते बसायला. त्या वेळेवर नाव नसले तरी तो भरून जातो, आणि कित्येकदा सकाळच्या कामापेक्षा त्याचे मोल अधिक असते. तेव्हा सकाळ पत्रात लिहून घ्यावी आणि दुपारची चर्चा पत्रात करूच नये.

उत्तर ४ : मिरज जंक्शन

विषयाला धरूनच थोडे मागे जातो. कोल्हापूर-मिरजेच्या लोकांनी हे सगळे यजमानाच्या बाजूने पूर्वीच पाहिले आहे. रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा हे अमेरिकन मिशनरी दांपत्य १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्या वेळी सुएझ कालवा नव्हता आणि रेल्वेही नव्हती. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये झाला. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेला परतले आणि १८८७ मध्ये रॉयल यांचे तेथे निधन झाले. त्यानंतर उतारवयातल्या एलायझाबाई मुलगी ग्रेसबरोबर पुन्हा याच भागात कामाला आल्या. नवरा गेल्यानंतर, त्या काळच्या प्रवासाची दगदग सोसून, पुन्हा येथेच यावेसे एखाद्या वृद्ध बाईला का वाटले असेल, याचा विचार केला तर असे दिसते की पहिल्या खेपेला त्या ‘सोबत’ आल्या असे कागदोपत्री असले, तरी त्यांचे स्वतःचे असे काम आणि स्वतःची माणसे येथे तयार झालेली असणार.

१८८९ मध्ये भारतात आणि पुढे मिरजेला आलेले डॉ. विल्यम वॉनलेस १९२८ पर्यंत येथे राहिले. त्यांच्या नावाने रुग्णालय आहे, वॉनलेसवाडी आहे. त्या रुग्णालयाच्या घड्याळावर चालणाऱ्या घरांत ज्या बायका दिवसभर स्वयंपाकी, धोबी, पाहुणे, भाषेचा अभ्यास आणि आजारी मुले सांभाळत होत्या, त्यांची नावे आपल्याला आठवत नाहीत. तेव्हा तुमच्या आईने ‘ते लिहा म्हणावे’ असे जे सांगितले, ते अगदी योग्य आहे.

आणखी एक, भावाला सांगण्यासारखे. वाइल्डरांच्या वेळी घरच्या पत्राला महिने लागत. केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आई तेथे संध्याकाळी सहाला काम आटोपून फोन करील तेव्हा कोल्हापुरात साडेआठ वाजलेले असतील, आणि तुम्ही सर्व जेवायला बसलेले असाल.

उत्तर ५ : फिजिशियन, राजारामपुरी

वैद्यकीय बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. हा सर्वसाधारण सल्ला आहे, दोघांची प्रत्यक्ष तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी करावी.

सर्वांत आधी पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीवर. केनिया हा त्या रोगाचा देश मानला जातो आणि तेथून भारतात परतणाऱ्याकडे लस घेतल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ही लस शासनाने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, त्यासाठी मुंबई-पुण्याची फेरी धरून चाला. मात्र साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. तो धोका फार मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा थायमस ग्रंथीचा विकार असेल तर ती देत नाहीत. तेव्हा तिकिटांच्या घाईत शेवटच्या आठवड्यात ती टोचून घेऊ नये, दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

हिवतापाचे प्रमाण केनियात जागेवर अवलंबून आहे. उंचावरच्या थंड भागात ते कमी, व्हिक्टोरिया सरोवराच्या आणि समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला पुष्कळ. रुग्णालय उंचावर असले तरी सुटीत मोंबासाला जायचे ठरल्यास प्रतिबंधक गोळ्या लागतील, आणि मच्छरदाणी तर सर्वत्रच वापरावी. परतल्यावर काही महिने केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना केनियाचा प्रवास आवर्जून सांगावा.

रक्तदाब-मधुमेहाची औषधे पहिल्या तीन महिन्यांपुरती बरोबर न्यावीत, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. दात आणि डोळे येथेच तपासून घ्यावेत, मोतीबिंदू पिकत आला असेल तर शस्त्रक्रिया करूनच निघावे. आपल्याकडील प्रवास विमा साधारणतः सहा महिन्यांपर्यंतचा असतो आणि जुन्या आजारांना वगळतो, म्हणून दीड वर्षासाठी तेथील संस्थेमार्फत काही व्यवस्था होते का ते विचारा. पूर्व आफ्रिकेत अ‍ॅमरेफची विमान रुग्णवाहिका सेवा जुनी आणि भरवशाची आहे. तिचे वार्षिक सदस्यत्व घेता येते. डोंगरातील रुग्णालयातून नैरोबीला हलवण्याची वेळ आली तर त्याचा उपयोग होईल.

आई आधीपासून ज्या गोष्टीची काळजी करत असेल ती म्हणजे निवृत्तिवेतन. शासकीय निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल सेवेवर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून देता येतो. निघण्यापूर्वी तिच्याच फोनवर एकदा करून पाहा. वडिलांचे निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीचे असेल तर त्यांचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणून त्यांनी तो निघण्याच्या आदल्या आठवड्यात द्यावा. दोघांचीही भारतीय सिमकार्डे रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि तेथे बसून काहीच करता येणार नाही.

शाहूपुरीची लेक

सर्वांचे आभार. काल रात्री वडिलांनी रुग्णालयाला पत्र लिहायला घेतले आणि पहिला मसुदा आईने परत केला. दुसरा तिनेच लिहिला आहे. त्यात तिने वॉर्ड परिसेविकांचे प्रशिक्षण आणि निर्जंतुकीकरण विभागाच्या नोंदी ही दोन कामे स्वतःहून सुचवली आहेत, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा खर्च कोण करणार असे विचारले आहे, आणि वडिलांच्या कामाची वेळ दुपारी एकपर्यंतच राहील असेही लिहून टाकले आहे. वडिलांनी शेवटच्या वाक्यावर थोडी कुरकूर केली, पण सही केली. भाऊ विम्याची चौकशी करतो आहे. उत्तर आले की येथे कळवीन.